नमुना

कोणी 'हमखास' म्हटलं की अण्णांचा हात खिशाकडे जातो. 'नेहमी', 'बघावं तेव्हा', 'नेमकं त्याच दिवशी' हे शब्दही त्यांना चालतात, पण 'हमखास' म्हणजे पर्वणी. खिशात पतसंस्थेनं दिलेली छोटी डायरी असते आणि तिच्या कण्यात पेन्सिल खोचलेली असते. "हमखास म्हणजे किती वेळा? आणि कितीपैकी?" असं विचारून अण्णा इतक्या निर्मळ अपेक्षेनं बघतात की आपण उगाच तोंड उघडलं असं समोरच्याला वाटायला लागतं. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत माणसं त्यामुळे जरा जपून बोलतात. "हल्ली लाइट फार जातात" असं म्हणायच्या आधी जिन्यात कोणी उभं नाही ना हे बघून घेतात.

या जातीची माणसं गावोगाव असतात. कुणी वैद्यकीचं वेड घेतं, कुणी कायद्याचं. अण्णांनी काय-वर्ग चाचणीचं घेतलं. त्यांची हयात सातपूरच्या एका कारखान्यात गेली, तीही क्वालिटी विभागात. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूकडे संशयानं बघण्याचा त्यांना दर महिन्याला पगार मिळत होता. ऐन तिशीत कंपनीनं त्यांना मुंबईला एस.क्यू.सी.च्या, म्हणजे संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाच्या, कोर्सला पाठवलं. बरोबरचे लोक येताना कपडे आणि भांडी घेऊन आले. अण्णा एक कोष्टक घेऊन आले. त्या कोष्टकातले 3.84, 5.99, 7.81 हे आकडे त्यांना रामरक्षेसारखे पाठ आहेत.

चाचणी तशी साधी आहे, निदान अण्णा सांगतात तेव्हा तशी वाटते. आधी आपला तर्क मांडायचा. त्या तर्कानुसार प्रत्येक कप्प्यात किती यायला हवेत ते लिहायचं, शेजारी प्रत्यक्षात किती आले ते लिहायचं. दोघांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित आकड्यानं भागायचं आणि सगळ्या कप्प्यांची बेरीज करायची. बेरीज लहान आली तर फरक नुसत्या योगायोगानं पडला असेल. कोष्टकातल्या आकड्याच्या पुढे गेली तर तर्क सोडून द्यायचा. एकाच यादीला तर्क जुळतो का, हे बघायचं असेल तर ती 'गुडनेस ऑफ फिट'. दोन गोष्टी एकमेकींच्या तंत्रानं चालतात की आपापल्या, हे बघायचं असेल तर ती स्वातंत्र्याची, म्हणजे 'इंडिपेंडन्स'ची चाचणी. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअर्सननं ही युक्ती 1900 साली लंडनमध्ये छापली. पण दोन ओळी-दोन रकान्यांच्या कोष्टकात किती आकडे मोकळे असतात, हे मोजताना तो चुकला. तीन धरायचे नाहीत, एकच धरायचा, हे फिशर या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञानं 1922 साली दाखवलं आणि पीअर्सनला ते कधीच पटलं नाही. हे भांडण अण्णा अशा पोटतिडकीनं सांगतात की जणू ते काल सातपूरच्या गेटवरच झालं. "एक आकडा भरला की बाकीचे तीन आपोआप ठरतात. डिग्री ऑफ फ्रीडम एकच!" हे त्यांनी एकदा जेवताना सांगितलं, तेव्हा त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, वाढता वाढता म्हणाल्या, "एक तरी आहे ना? तो भाग्यवान म्हणायचा."

कारखान्यात या वेडाचा उपयोग झाला, हे कबूल केलं पाहिजे. रिजेक्शन वाढलं की सगळे थर्ड शिफ्टकडे बोट दाखवायचे. रात्रीची पाळी, झोपाळू माणसं, आणखी काय पुरावा हवा? अण्णांनी तीन शिफ्टचं कोष्टक मांडलं आणि सांगितलं की शिफ्टचा आणि रिजेक्शनचा संबंध दिसत नाही, बेरीज 5.99 च्या खूप अलीकडे आहे. मग तोच माल त्यांनी कच्च्या मालाच्या लॉटप्रमाणे कप्प्यांत टाकला आणि बेरीज आभाळाला जाऊन भिडली. थर्ड शिफ्टवाल्यांनी त्यांना पेढे दिले. खरेदी विभागानं त्यांच्याशी बोलणं सोडलं.

त्याहून गाजलं ते रजिस्टरचं प्रकरण. मायक्रोमीटरनं मोजलेल्या मापांचा शेवटचा आकडा शून्यापासून नवापर्यंत साधारण सारखाच विखुरलेला असायला हवा. एका ऑपरेटरच्या रजिस्टरात मात्र जिकडे बघावं तिकडे शून्य आणि पाच. दहा कप्पे, कोष्टकातली मर्यादा 16.92, आणि अण्णांची बेरीज शंभराच्या पुढे. तो गडी मापं डोळ्यांनीच घेत होता. आता या गोष्टीत कुणालाही कळेल असं शहाणपण आहे. पण दुसऱ्या एका रजिस्टरात सगळे आकडे इतके समसमान निघाले की बेरीज शून्याला चिकटली, आणि अण्णांनी तेही रजिस्टर अडवलं. साहेब वैतागले. "अहो, जुळतंय तर तक्रार काय?" अण्णा म्हणाले, "फारच जुळतंय." तो ऑपरेटर हुशार होता. पहिल्याची फजिती बघून त्यानं कँटीनमध्ये बसून आकडे नीट वाटून लिहिले होते. फिशरनं 1936 साली मेंडेलच्या वाटाण्यांबद्दल हाच संशय घेतला होता. मेंडेलचे आकडे त्याच्या सिद्धांताशी गरजेपेक्षा जास्त जुळतात, बहुधा मेंडेल महाराजांना काय हवंय ते ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाचं काम असावं, असं त्याला वाटलं. खरा माल थोडा वाकडा असतो, ही अण्णांची आयुष्यभराची श्रद्धा. घरात ती फार त्रासदायक ठरते. नातवाला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा त्यांनी पेपर बघायला मागितला होता.

निवृत्तीनंतर रिजेक्शन उरलं नाही, पण कप्पे उरले. अण्णांना गावातल्या ज्या गोष्टी आवडतात त्या कप्प्यांमुळे आवडतात. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो आणि पाणी कंबरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगतो. पर्यटकाला यात भक्ती दिसते. अण्णांना त्यात आयते कप्पे दिसतात: घोटा, गुडघा, कंबर, छाती, डोकं. "मोजपट्टीवरचे फूट घेऊन मला करायचंय काय?" असं ते म्हणतात. पुराच्या दिवशी पुलावर उभं राहून असं बोलणारा माणूस लोकांना विक्षिप्त वाटतो, आणि लोकांचं काही चुकत नाही.

नातवाची तक्रार होती की लुडोच्या फाशावर सहा पडतच नाही. दुसऱ्या कुणा आजोबांनी पोराला एक डाव जिंकू दिला असता. अण्णांनी फासा साठ वेळा टाकायला लावला आणि रेघा ओढल्या. प्रत्येक आकडा दहा वेळा यायला हवा होता. आले ते असे: 8, 12, 9, 11, 14, आणि सहा पडला 6 वेळा. बेरीज 4.2. सहा कप्प्यांसाठी मर्यादा 11.07.

"म्हणजे फासा चांगला आहे?" नातवानं विचारलं.

"असं मी म्हटलं नाही."

"मग वाईट आहे?"

"असंही नाही. फासा सरळ आहे हा तर्क सोडून द्यायला साठ वेळा टाकून पुरेसं कारण मिळालं नाही, एवढंच. वेल्डन नावाच्या साहेबानं बारा फासे 26,306 वेळा टाकले, तेव्हा कुठे कळलं की पाच आणि सहा किंचित जास्त पडतात. त्या बाजूंना ठिपक्यांचे खड्डे जास्त, म्हणून त्या हलक्या. पीअर्सननं पहिल्याच निबंधात तेच आकडे घेतले. तेव्हा आपण असं करू..."

नातू तोवर खाली खेळायला गेला होता. लुडोचा फासा अण्णांच्या डायरीबरोबर कपाटात ठेवलेला आहे.

कामाच्या मावशींचं प्रकरण मात्र वहिनींनीच सुरू केलं. "पाहुणे आले की या बाईची दांडी हमखास," असं त्या बोलून गेल्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा शब्द त्यांच्या तोंडून जायला नको होता. अण्णांनी तीन महिने नोंद ठेवली. 90 दिवसांत पाहुणे 18 दिवस आले, मावशी 10 दिवस आल्या नाहीत. दोन्हींचा काही संबंध नसता तर पाहुण्यांच्या दिवशी दांड्या किती पडल्या असत्या? ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज भागिले एकूण: 18 गुणिले 10 भागिले 90, म्हणजे 2. प्रत्यक्षात पडल्या 4.

"बघा! दुप्पट!" वहिनी म्हणाल्या.

पण अण्णांचा चेहरा उतरला होता. अपेक्षित आकडा निदान 5 तरी हवा, नाहीतर काय-वर्गावर भरवसा ठेवता येत नाही. त्यांनी बराच विचार केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "पुढचे तीन महिने आपल्याकडे दिवसाआड पाहुणे बोलावता येतील का? 45 दिवस झाले की 10 दांड्यांना अपेक्षा बरोब्बर 5 ची येते."

त्या रात्री त्यांच्या घरातून जे आवाज आले त्यांची नोंद कोणी ठेवलेली नाही.

पाहुणे न बोलावताही मार्ग होता. लहान आकड्यांसाठी फिशरची वेगळी चाचणी असते, हे अण्णांना ठाऊक होतंच. समेट म्हणून त्यांनी वहिनींना तिची गोष्ट सांगितली. दूध आधी घातलं की चहा आधी ओतला, हे आपल्याला चवीवरून कळतं, असा एका बाईंचा दावा होता. फिशरनं आठ कप मांडले, चार असे आणि चार तसे, आणि बाईंना ओळखायला लावलं. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "चहा केला कोणी?" अण्णांकडे उत्तर नव्हतं. या चाचणीनं मावशींचा हिशेब मात्र लागला: दहातून एकदा तरी असं योगायोगानंही घडू शकतं. म्हणजे मावशींवर ठपका ठेवता येत नाही. मावशींना हे कळलं तेव्हा त्यांनी दिवाळीला अण्णांसाठी वेगळा फराळ आणला. अण्णांनी तो घेताना स्पष्ट केलं की त्यांनी मावशींना निर्दोष ठरवलेलं नाही.

आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या पुतणीचं लग्न ठरत होतं तेव्हा अण्णांना बोलवायला नकोच होतं. पण मुलाकडची मंडळी निफाडची, द्राक्षबागायतदार, आणि मुलीच्या पत्रिकेत मंगळ. आपल्या बाजूनं बोलणारा एखादा शिकलेला माणूस बैठकीत असावा, असं काकूंना वाटलं. पंचवटीतले गुरुजी दोन्ही पत्रिका घेऊन बसले होते. त्यांनी आधी आनंदाची बातमी दिली: 36 पैकी साडेएकतीस गुण जुळतात.

"साडेएकतीस?" अण्णा म्हणाले. "जरा जास्तच नाही वाटत?"

पोह्यांच्या बशा जागच्या जागी थांबल्या. काकूंनी खोकून विषय मंगळावर नेला, आणि अण्णांना हवं ते मैदान मिळालं. त्यांनी पुण्याचा प्रयोग सांगायला घेतला. 2008 साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी मुलांच्या 200 पत्रिका जमवल्या. 100 हुशार मुलांच्या, 100 बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. ज्योतिषांना आवाहन केलं की नुसत्या पत्रिकेवरून ओळखा. 51 जणांनी नावं दिली, 27 जणांनी उत्तरं पाठवली. प्रत्येकाला 40 पत्रिका. सगळ्यांत जास्त बरोबर आल्या 24. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या 200 बघितल्या, त्यांतल्या 102 बरोबर. 2009 साली हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

गुरुजी हसून म्हणाले, "102 म्हणजे निम्म्याच्या वरच की, अण्णा."

"काय-वर्ग 0.08," अण्णा म्हणाले. "मर्यादा 3.84."

"आणि ते 24 वाले?"

"1.6. सत्तावीस जणांनी नाणी उडवली असती तरी एखाद्याला 24 पडलेच असते."

"तरी त्यांचा पत्ता असला तर द्या," गुरुजी म्हणाले. सगळे हसले. बाजी अण्णांच्या हातात होती. इथे थांबणारा माणूस वेगळा. मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "म्हंजे मंगळाचं काही नाही ना, अण्णासाहेब? तसं सांगा, म्हंजे आम्ही मोकळे."

काकूंनी डोळ्यांनी विनवलं. 'काही नाही' हे दोन शब्द बोलायचे होते.

"तसं म्हणता येणार नाही," अण्णा म्हणाले. "तो प्रयोग बुद्धीचा होता, मंगळाचा नव्हता. मंगळाबद्दल त्यातून काहीच निघत नाही."

"म्हंजे मंगळाचं काही असू शकतं?"

"संबंध नाही, हा तर्क नाकारायला माझ्याकडे पुरावा नाही. पण पुरावा नाही म्हणजे संबंध नाही असं सिद्ध झालं, असं मी कसं म्हणू? त्यासाठी मंगळ असलेली आणि नसलेली शे-दोनशे लग्नं दोन ओळींत मांडावी लागतील आणि..."

मुलाच्या आईनं पदर सावरला आणि शेजारच्या बाईला हळूच म्हणाली, "पुरावा शोधत्यात अजून."

बैठक मोडायच्या बेतात होती. ती वाचवली गुरुजींनी. "लग्नाआधी एक लहानशी शांत करून टाकू, मग कसलाच दोष राहत नाही," असं त्यांनी एका वाक्यात सांगितलं, दक्षिणा ठरली आणि दहा मिनिटांत पेढे आले. अण्णांनी इतका वेळ खर्चून जी भीती काढायला घेतली आणि शेवटी स्वतःच वाढवून ठेवली, ती गुरुजींनी माफक दरात उतरवून दिली. जोडपं सुखात आहे. गुरुजी ते शांतीच्या खात्यावर मांडतात. अण्णा त्यांना भेटले की विचारतात, "शांत न केलेलं जोडपं तुलनेला कुठंय?" दोघांची आताशा चांगली मैत्री झाली आहे. मंगळाच्या कोष्टकासाठी यजमानांची जुनी वही द्यायला गुरुजी जवळजवळ तयार झाले होते, पण नावं झाकून कशी द्यायची यावर गाडी अडली.

अण्णांना बैठकीला बोलवायचं नाही, असं काकूंच्या घरात कायमचं ठरलं. माझं मत विचाराल तर काकूंचं बरोबर आहे. आपल्या बाजूच्या माणसानं आपल्या बाजूनं बोलावं, एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे? अण्णा कुणाच्याच बाजूनं पुराव्यापलीकडे पाऊल टाकत नाहीत, मावशींच्याही नाही आणि नारळीकरांच्याही नाही. सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी त्यांना नको म्हटलं ते यामुळेच. आणि हिशेब तपासायची वेळ आली तेव्हा दोन्ही पॅनेल त्यांच्याच दारात उभी राहिली, तीही यामुळेच.

सध्या त्यांनी मिसळ घेतली आहे. रविवारी सकाळी नाशिककर मिसळीच्या रांगेत सापडतो, आणि डायरी घेऊन अण्णाही तिथंच सापडतात. पंचवटी आणि गंगापूर रोड या दोन ओळी, लाल रस्सा आणि काळ्या मसाल्याचा रस्सा हे दोन रकाने. गंगापूर रोडवाले भरपूर मिळाले. पंचवटीतले मात्र मोजकेच, कारण ते मिसळ खाताना बोलत नाहीत. त्यामुळे पंचवटी-काळा या कप्प्यातली अपेक्षा 4.3 वर अडली आहे, आणि अण्णांचा रविवार त्यापायी नासतो.

तेव्हा हे वाचणारं कोणी पंचवटीत राहत असेल तर कृपा करून रविवारी रांगेत अण्णांना गाठावं. काळा मसाला आवडणाऱ्यांनीच यावं असं मी म्हणणार नाही. तसे निवडून आणलेले लोक त्यांना चालत नाहीत, त्यानं सगळं कोष्टक बिघडतं. कोणीही या, जे आवडतं ते खरं सांगा, आणि काहीही झालं तरी 'हमखास' म्हणू नका.